कार्बनला किंमत लावली तर कारखान्याची वाढ खुंटते का?

प्रश्न: "शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, महिन्याला साधारण चारशे टन कास्टिंग जातं. युरोपातल्या ग्राहकानं कार्बनचा तक्ता भरून मागितलाय. आता भारतातही कार्बन बाजार येतोय म्हणतात. उत्पादन वाढलं की वीज वाढणार, वीज वाढली की कुठंतरी कोळसा जळणार, हे उघड आहे. मग कार्बनला किंमत लावणं म्हणजे आमच्या वाढीवरच कर बसवणं नाही का? विकास आणि उत्सर्जन यांची फारकत खरंच होते, की ती फक्त कागदावर?"

उत्तर:

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. वाढ आणि उत्सर्जन यांची गाठ किती घट्ट आहे, हा एक. आणि किंमत लावल्यानं ती गाठ सैल होते की वाढीचाच गळा आवळला जातो, हा दुसरा. एनर्जी ऑडिटर म्हणून कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्र्यांचे (म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांचे) आणि जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे आकडे मी बघत आलोय, तेव्हा उत्तरही तिथूनच देतो.

जपानचे योइची काया यांनी या विषयाला एक सोपा गुणाकार दिला. देशाचं उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, गुणिले दरडोई उत्पन्न, गुणिले उत्पन्नाच्या एका रुपयामागं लागणारी ऊर्जा, गुणिले त्या ऊर्जेच्या एका एककामागचा कार्बन. तुमच्या शॉपला तोच गुणाकार लावायचा तर टन, गुणिले टनामागं युनिट, गुणिले युनिटमागं कार्बन. "उत्पादन वाढलं की वीज वाढणार" असं तुम्ही म्हणता तेव्हा पहिला आकडा हलतोय आणि बाकीचे दोन खिळ्यानं ठोकलेत, असं धरून चालता. ते ठोकलेले नसतात.

टनामागं युनिट घ्या. फौंड्रीवाल्याला विचारलं तर तो सांगतो, "इंडक्शनला टनाला सहाशे युनिट." (इंडक्शन म्हणजे विजेवर चालणारी भट्टी.) पण हा वितळलेल्या धातूचा टन आहे. ट्रकमध्ये चढलेल्या कास्टिंगचा नाही. समजा तुमचं बॉक्स यील्ड साठ टक्के आहे, म्हणजे ओतलेल्यातलं चाळीस टक्के रनर-रायझरमध्ये (साच्यातल्या धातूच्या वाटा-साठ्यांत) जातं, आणि रिजेक्शन सहा टक्के. मग एक टन चांगल्या मालासाठी पावणेदोन टनांहून थोडं जास्तच वितळवावं लागतं, म्हणजे सुमारे १,०६० युनिट. यील्ड पासष्टवर आणि रिजेक्शन तीनवर आणलं तर तोच टन ९५० युनिटांत निघतो. फरक दिसायला लहान, पण चारशे टनांवर तो महिन्याला ४४ हजार युनिटांच्या घरात जातो. नऊ रुपये दर धरला तर चार लाख रुपये, आणि ग्रिडच्या विजेला युनिटमागं सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर तीस टन. रिजेक्ट झालेला माल परत भट्टीत जातो म्हणून "लोखंड कुठं वाया जातंय?" असं शॉपवर सर्रास म्हणतात. लोखंड जात नाही. त्यात घातलेली वीज जाते, आणि बिलात तिचा वेगळा रकाना नसल्यामुळं ती कुणाला दिसत नाही.

आता तिसरा आकडा, युनिटमागचा कार्बन. इथं कोल्हापूरची एक गंमत आहे. क्युपोला, म्हणजे कोकवर चालणाऱ्या जुन्या भट्ट्या, जाऊन इंडक्शन भट्ट्या आल्या, तेव्हा शिरोलीचं आकाश स्वच्छ झालं हे खरं. पण हिशेब मांडून बघा. क्युपोलात टनाला चौदा टक्के कोक धरला आणि टनभर कोक जळून सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरलं, तर वितळलेल्या टनाला ०.४२ टन. इंडक्शनचे सहाशे युनिट गुणिले ०.७ किलो केले तरी ०.४२ टनच. म्हणजे कार्बन कमी झाला नाही, तो आपल्या चिमणीतून विदर्भातल्या औष्णिक केंद्राच्या चिमणीत गेला. (काजळी आणि धूळ मात्र खरोखरच कमी झाली. श्वास घेणाऱ्याच्या दृष्टीनं तो फायदा लहान नाही.) शिवाय हा बदल पर्यावरणासाठी झालाच नव्हता. वाहन उद्योगाला एसजी आयर्न (जास्त चिवट जातीचं बीड) हवं होतं, रासायनिक घटकांवर नेमका ताबा हवा होता, म्हणून तो झाला. पण भट्टी विजेवर आल्यामुळं एक दार उघडलं. क्युपोलात सूर्यप्रकाश घालता येत नाही, इंडक्शनमध्ये येतो.

साखर कारखान्यांत याच्याही पुढचं उदाहरण मिळेल. उसाच्या वजनाच्या साधारण तीस टक्के बगॅस, म्हणजे रस काढल्यावरचा चोथा, निघतो. जुन्या कमी दाबाच्या बॉयलरमध्ये तो कसाबसा जाळून संपवायचा, एवढंच काम असायचं. ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाचे बॉयलर आणि नवे टर्बाइन बसवल्यावर तेवढ्याच बगॅसमधून कारखाना चालून वर वीज विकता येऊ लागली. गाळप वाढलं, उत्पन्न वाढलं, आणि विकलेल्या प्रत्येक युनिटमागं कुठला तरी कोळसा वाचला. बगॅसचा कार्बन हिशेबात शून्य धरतात, कारण पुढच्या हंगामातला ऊस तो हवेतून परत ओढतो. उसाला पाजलेलं पाणी आणि युरिया यांचा हिशेब वेगळा आहे आणि तो काही फार सुंदर नाही, पण इथं तो बाजूला ठेवू. मुद्दा असा की एवढी भांडवली गुंतवणूक कारखान्यांनी केली ती त्या विजेला ठरलेला दर आणि लांब मुदतीचा करार मिळाला म्हणून. उपदेशानं बॉयलर बदलत नाहीत.

आता देशाकडे येऊ. २००५ ते २०२० या काळात भारताच्या जीडीपीची उत्सर्जन तीव्रता, म्हणजे उत्पन्नाच्या एका रुपयामागचं उत्सर्जन, ३६ टक्क्यांनी घटली, असं आपण संयुक्त राष्ट्रांना अधिकृतपणे कळवलंय. २०३० पर्यंत ४५ टक्के हे वचन आहे. ऐकायला छान वाटतं, पण ३६ टक्के भागिले पंधरा वर्षं, चक्रवाढीनं, म्हणजे वर्षाला साधारण तीन टक्के. अर्थव्यवस्था साडेसहा टक्क्यांनी वाढत असेल तर उत्सर्जन साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतच राहतं. फारकत झाली, पण अर्धवट. गाडी पूर्वीपेक्षा कमी पेट्रोल खाते, तरी टाकी दरवर्षी मोठीच लागते. वाढ साडेसहा ठेवून उत्सर्जन निव्वळ स्थिर करायचं असेल तर तीव्रता वर्षाला सहा टक्क्यांहून थोडी जास्त घटली पाहिजे, म्हणजे आजच्या दुप्पट वेगानं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या दोन आकड्यांत आहे. वाढ आणि उत्सर्जन यांची गाठ निसर्गनियम नाही, पण ती सुटण्याचा वेग आपल्याकडे अजून कमी पडतोय.

पूर्ण फारकत कुठं झालीच नाही असं नाही. स्वीडननं १९९१ साली कार्बन कर लावला आणि तो वाढवत नेला. १९९० पासून तिथलं उत्पन्न दीडपटीच्या पुढं गेलं आणि देशातलं उत्सर्जन सुमारे एक तृतीयांशानं उतरलं. ब्रिटनमध्ये २०१२ साली सुमारे चाळीस टक्के वीज कोळशाची होती. २०१३ मध्ये युरोपच्या कार्बन किमतीवर त्यांनी स्वतःची जादा किंमत चढवली, आणि सप्टेंबर २०२४ अखेर शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. लगेच कुणीतरी म्हणेल, "त्यांनी पोलाद बाहेरून आणलं, धूर दुसऱ्याच्या अंगणात टाकला." आक्षेप रास्त आहे. आयात मालातला कार्बन मिळवला की यांची घट कमी भरते. पण ब्रिटनच्या बाबतीत तो मिळवूनही घट उरते. आणि ब्रिटनकडे कोळसा सोडताना हाताशी नैसर्गिक वायू होता, समुद्रात वारा होता. स्वीडनकडे जलविद्युत आणि अणुऊर्जा आधीपासून होती. किमतीनं लोकांना ढकललं, पण ढकलल्यावर जायला जागा होती. आपल्याकडची चर्चा नेमकी हा भाग गाळून पुढं जाते.

किंमत का लावायची, हे कोल्हापूरकराला वेगळं समजवावं लागत नाही. पंचगंगेत सांडपाणी सोडणाऱ्याला ते सोडण्याचा खर्च शून्य पडतो, आणि खाली नदीकाठच्या गावांना त्याची किंमत मोजावी लागते. आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं १९२० मध्ये हेच मांडलं: जो खर्च करणाऱ्याच्या वहीत येत नाही, तो कर लावून त्याच्या वहीत आणा. कार्बनच्या बाबतीत खालचं गाव म्हणजे अख्खं जग आणि पुढची पिढी, म्हणून तक्रार करायला कुणी दारात येत नाही, एवढाच फरक.

किमतीचा मोठा गुण असा की कुणी काय करावं हे ती सांगत नाही. तुमच्याकडे रिजेक्शन कमी करून टनभर कार्बन वाचवायला खर्च तर पडत नाहीच, उलट पैसे वाचतात. शेजारच्या कारखान्याला तोच टन वाचवायला दोन हजार लागतील, तिसऱ्याला दहा हजार. अधिकाऱ्यानं सगळ्यांना "दहा टक्के कमी करा" असा एकच हुकूम काढला तर तिसरा मरतो आणि तुम्ही आरामात बसता. किंमत लावली तर ज्याला स्वस्तात जमतं तो आधी कमी करतो. पण त्यासाठी किंमत किती, हा प्रश्न टळत नाही.

तेव्हा किती, ते पैशांत बघा. तुमचा प्लांट सँड प्लांट, कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्ट सगळं धरून विकलेल्या टनाला चौदाशे युनिट घेत असेल असं धरू. म्हणजे जवळपास एक टन कार्बन. कार्बनला टनामागं ८०० रुपये किंमत लागली आणि ती पूर्ण तुमच्या बिलात उतरली, तर युनिटला ५६ पैसे. किलोला शंभर रुपयांनी जाणाऱ्या कास्टिंगवर हा पाऊण टक्क्याच्या आसपासचा बोजा झाला. वीज दरवाढीत यापेक्षा मोठे धक्के तुम्ही पचवलेत, आणि त्यांतून एक ग्रॅम कार्बनही वाचला नव्हता. पण युरोपातली ७५ युरोची किंमत जशीच्या तशी इथं आणली तर युनिटला पाच रुपयांवर जाईल, आणि तेव्हा तुमची भीती शंभर टक्के खरी ठरेल. "कार्बनची किंमत वाढीला मारते का?" हा प्रश्न म्हणूनच अर्धा आहे. पन्नास पैशांना मारत नाही, पाच रुपयांना मारते, निदान आज तरी.

आणि भारतात कार्बनला किंमत कधी नव्हतीच, हेही खरं नाही. २०१० साली कोळशाच्या टनाला ५० रुपये उपकर लागला. तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. भारतीय कोळशाचा टन जळून साधारण दीड-पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे कार्बनच्या टनाला अडीचशे रुपयांच्या आसपास, कोळशावरच्या विजेच्या युनिटला पंचवीस-सत्तावीस पैसे. तुमच्या बिलात तो इतकी वर्षं होता. वाढ थांबली? नाही. कोळसा थांबला? तोही नाही, कारण किंमत लहान होती आणि पैसा भलतीकडे गेला. २०१७-१८ पर्यंत या उपकरातून ८६ हजार कोटींहून अधिक जमले. त्यातले तीस हजार कोटींच्या आसपास स्वच्छ ऊर्जेच्या निधीत पोहोचले, आणि प्रकल्पांवर खर्च झाले सोळा हजार कोटींच्या घरात. जीएसटी आल्यावर तो उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. मला हा बदल पटलेला नाही. उपकर वजनावर होता, जीएसटी किमतीवर आहे. हलक्या प्रतीचा, राखेनं भरलेला स्वस्त कोळसा आता टनामागं कमी कर भरतो.

पैसा कुठं जातो यावर लोकांचा विश्वास बसला नाही की काय होतं, ते बाहेरही दिसलंय. ऑस्ट्रेलियानं २०१२ मध्ये लावलेली किंमत २०१४ मध्ये रद्द केली. फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनावरच्या वाढत्या करावरून पिवळ्या जॅकेटवाल्यांनी रस्ते अडवले. कॅनडानं सामान्य ग्राहकावरचा कार्बन कर एप्रिल २०२५ पासून बंद केला, तोही बहुतेक पैसा कुटुंबांना परत मिळत असताना.

आता तुमच्या तक्त्याकडे. युरोपचा "सीबॅम" म्हणजे सीमेवरची कार्बन समायोजन यंत्रणा. त्यांच्या धास्तीचं मूळ तुम्हाला चटकन कळेल, कारण आपल्याकडे वीजदर वाढले की उद्योजक "कागलच्या पुढं कोगनोळी ओलांडतो आणि कर्नाटकात जातो" असं म्हणतातच. युरोपनं आपल्या कारखान्यांवर कार्बनचा बोजा टाकला आणि माल बाहेरून बिनबोज्याचा आला, तर कारखाने बाहेर पळतील. म्हणून आयात मालावरही तेवढीच किंमत. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा हिशेब सुरू झाला. पण घाबरून जाऊ नका, हा बोजा टप्प्याटप्प्यानं येतो. युरोपच्या कारखान्यांना मिळणारे मोफत परवाने जसे कमी होतील तसा तो चढतो: २०२६ मध्ये अडीच टक्के, २०३० मध्ये ४८.५ टक्के, २०३४ मध्ये पूर्ण.

आधी तुमच्या मालाचा कस्टम कोड बघा. बिडाचे पाईप, पाईप फिटिंग, नट-बोल्ट आणि ७३२६ खालच्या वस्तू यादीत आहेत. ८४ आणि ८७ प्रकरणातले इंजिनाचे, वाहनाचे भाग मूळ यादीत नाहीत, पण यादी वाढवण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२५ मध्ये मांडला गेलाय, तेव्हा गाफील राहू नका. वर्षाला ५० टनांखाली सूट आहे म्हणून कुणी सांगेल, पण ती आयातदाराच्या एकूण मालावर आहे, तुमच्या एकट्याच्या नाही.

पोलाद-लोखंडाला सीबॅममध्ये सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजतात. विजेचं नाही. त्यामुळं इंडक्शनवाल्याचा आकडा एकदम लहान दिसतो, आणि सगळा भर येतो चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरायच्या मालात, काय घातलं त्यावर. स्क्रॅप शून्य धरतात. पिग आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) मात्र आपल्याबरोबर ब्लास्ट फर्नेसचा कार्बन घेऊन येतं, टनाला दीड-दोन टनांपर्यंत. चार्जमध्ये वीस टक्के पिग आयर्न घालणारा आणि सगळं स्टील स्क्रॅप घालून धातूतला कार्बन सीपीसीनं (भाजलेल्या पेट्रोलियम कोकनं) चढवणारा, या दोघांच्या तक्त्यात म्हणून मोठा फरक पडतो. पिग आयर्नच्या पुरवठादाराकडून त्याचा स्वतःचा आकडा लेखी मागा. तो मिळाला नाही तर ठरीव आकडे लागू होतात, आणि ते मुद्दाम चढे ठेवलेत.

भारतातला बाजार तुमच्यापर्यंत इतक्यात पोहोचणार नाही. २०२२ च्या कायदादुरुस्तीतून आणि २०२३ च्या अधिसूचनेतून ही योजना आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या क्षेत्रांतल्या २८२ मोठ्या कारखान्यांना पहिली उद्दिष्टं मिळाली. ही उद्दिष्टं टनामागच्या कार्बनची आहेत, एकूण कार्बनची नाहीत. उत्पादन दुप्पट केलं तरी टनामागचा आकडा उद्दिष्टाच्या खाली उतरला असेल तर कारखान्याकडे विकायला क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं, उरतात. "वाढीवर कर" ही शंका निदान या योजनेला लागू होत नाही. उलट माझी तक्रार दुसऱ्या बाजूची आहे. वर दाखवलं तसं, तीव्रता तीन टक्क्यांनी उतरून आणि उत्पादन साडेसहानं वाढून एकूण आकडा चढतच राहतो. आजच्या घडीला माणशी सुमारे दोन टन उत्सर्जनावर असलेल्या देशानं एकूण मर्यादा लगेच घालून घ्यावी असं मी म्हणणार नाही, जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त आहे. पण ती कधी घालणार हे ठरलेलं बरं. बॉयलर आणि भट्ट्या वीस-वीस वर्षं चालतात.

राहिला जायच्या जागेचा प्रश्न, आणि माझ्या मते कोल्हापूरची खरी अडचण तिथं आहे. रात्रीच्या वेळी दरात सवलत मिळायची म्हणून कित्येक फौंड्र्यांनी हीट, म्हणजे भट्टीचे घाण, रात्रपाळीत लावल्या. सोलर मात्र दिवसा मिळतं. मग दिवसाची वीज ग्रिडमध्ये टाकून रात्री परत घ्यायची तर बँकिंगचे (वीज अशी ठेवून परत घेण्याचे) नियम, व्हीलिंग (तारांच्या वापराचं भाडं) आणि क्रॉस सबसिडी सरचार्ज (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठीचा अधिभार) आडवे येतात, आणि नियम कधी बदलेल याचा भरवसा नसल्यानं बँकवालाही हात आखडतो. एका बाजूनं कार्बनला किंमत लावायची आणि दुसऱ्या बाजूनं स्वच्छ विजेवर अधिभार चढवायचा, हे एकाच वेळी चालू राहिलं तर तुम्ही म्हणता तेच होईल: किंमत फक्त कर उरेल. तुमच्या संघटनेनं कार्बन बाजाराला विरोध करण्यात जोर घालवण्यापेक्षा वीज आयोगासमोर बँकिंगच्या सुनावणीत आकडे घेऊन उभं राहावं. आणि तोवर पाळ्यांचं गणित एकदा पुन्हा मांडा. दिवसा एक-दोन हीट वाढवून किती युनिट थेट सोलरवर बसतात, हे मीटरच्या पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून अर्ध्या दिवसात कळतं.

शेवटी एक, कारण सोलर म्हटलं की हा विषय निघतोच: छतावरच्या सोलरचे कार्बन क्रेडिट विकून देतो म्हणणारे एजंट सध्या एमआयडीसीत फिरतायत. विकायला हरकत नाही, पण तीच घट युरोपच्या किंवा पुण्याच्या ग्राहकाला "आमचा कार्बन कमी झाला" म्हणून दाखवता येणार नाही, दोन्हीकडं ती मोजता येत नाही. चारशे टनांच्या फौंड्रीला क्रेडिटच्या रकमेपेक्षा ग्राहकाच्या पुरवठादार यादीत टिकणं जास्त किमतीचं आहे. सही करण्याआधी करारात ती घट कुणाच्या नावावर जाते, ते कलम तेवढं वाचा.